एफ. एन. डेव्हिड: मोजणाऱ्या हातांनी लिहिलेला इतिहास

संभाव्यतेचा इतिहास १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारापासून सुरू होतो, हे वाक्य बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतं. मी संख्याशास्त्र शिकवायला लागले तेव्हापासून ते वर्गात उच्चारायचं टाळत आले आहे. याला कारण एफ. एन. डेव्हिड. मनातल्या मनात मी त्यांना डेव्हिडबाईच म्हणते, तेव्हा इथेही तसंच म्हणेन. फासे माणसाच्या हातात हजारो वर्षं होते आणि तरी फाशांचं गणित यायला सोळावं-सतरावं शतक उजाडलं. मधल्या काळात माणसं काय करत होती? हा प्रश्न त्यांनी इतक्या जिद्दीने लावून धरला की एकदा वाचल्यावर तो आपलाही पिच्छा सोडत नाही.

पूर्ण नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल डेव्हिड. जन्म १९०९, इंग्लंडमधल्या हेरफर्डशायर परगण्यातला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांच्या आईवडिलांच्या परिचयाच्या होत्या, त्यांच्यावरूनच मुलीचं नाव ठेवलं. रुग्णालयांतल्या मृत्यूंचे आकडे तक्त्यांत आणि आकृत्यांत मांडून सरकारला हलवणारी ती बाई आणि पुढे संख्याशास्त्रज्ञ झालेली ही मुलगी, हा योगायोग सगळेच सांगतात. मला त्यांच्या आयुष्यातला दुसराच एक योगायोग जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९३१ साली लंडनच्या बेडफर्ड कॉलेजातून, म्हणजे मुलींच्या कॉलेजातून, त्या गणित घेऊन पदवीधर झाल्या. व्हायचं होतं ॲक्चुअरी, म्हणजे विमा कंपन्यांसाठी मृत्युदर आणि हप्त्यांची गणितं करणारी तज्ज्ञ. पण त्या धंद्यात बायकांना घेत नव्हते. दार बंद म्हणजे बंद. पुढचा किस्सा त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितला आहे. एक दिवस युनिव्हर्सिटी कॉलेजवरून जाताना त्या सरळ आत घुसल्या आणि कार्ल पिअर्सन यांना जाऊन भेटल्या. या प्राध्यापकांनी ॲक्चुअरीच्या कामासारखं काहीतरी केलंय, एवढंच कोणीतरी कानावर घातलेलं. दोघांचं जमलं. पिअर्सन तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि त्यांचा दरारा सगळ्या कॉलेजभर होता. त्यांनी या मुलीला संशोधन-साहाय्यक म्हणून ठेवून घेतलं. विम्याच्या कचेरीने नाकारलेली मुलगी जगातल्या पहिल्या संख्याशास्त्र विभागात अशी जाऊन बसली.

आणि बसली ती थेट यंत्रापुढे.

इथे जरा थांबते, कारण हे यंत्र समजल्याशिवाय पुढचं काही नीट कळायचं नाही. ब्रुन्सव्हिगा हे हाताने चालवायचं गणनयंत्र होतं. समोर खाचांमधून खालीवर सरकणाऱ्या कळा, उजवीकडे दांडा आणि खाली आडवी सरकणारी पट्टी. कळा सरकवून आकडा लावायचा आणि दांडा एकदा पुढे फिरवायचा, की तो आकडा खालच्या पट्टीतल्या बेरजेत मिळवला जातो. उलटा फिरवला की वजा होतो. गुणाकारासाठी वेगळी सोय नाही, बेरीजच पुन्हा पुन्हा करायची. समजा एखाद्या संख्येला ३४७ने गुणायचंय. सात वेळा दांडा फिरवायचा, पट्टी एक घर सरकवायची, चार वेळा फिरवायचा, परत एक घर सरकवायची, तीन वेळा फिरवायचा. एका गुणाकाराला चौदा फेरे. भागाकार याच्या उलट: वजा करत जायचं, फार वजा झालं की घंटी वाजते, मग एक फेरा परत घ्यायचा, पट्टी सरकवायची आणि पुढच्या घरातून तेच. यंत्र मध्येच अडकायचं. मग विणकामाच्या लांब सुया आत घालून ते मोकळं करायचं, हे तंत्र डेव्हिडबाईंनी स्वतः शोधून काढलं होतं.

पिअर्सन यांनी त्यांना जे काम दिलं ते सहसंबंध गुणांकाचं. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वाढतात-घटतात हे सांगणारा हा आकडा उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये असतो. आपण काढतो तो नमुन्यातून, पण आपल्याला जाणून घ्यायचा असतो तो अख्ख्या लोकसंख्येतला. नमुना लहान असला, दहाबारा जोड्यांचा, तर नमुन्यातला गुणांक खऱ्या गुणांकाच्या आजूबाजूला कसा पसरतो? या वितरणाचं नेमकं सूत्र रोनाल्ड फिशर यांनी १९१५ सालीच दिलं होतं. पण सूत्र हाती असणं आणि त्यातून आकडा काढणं यांत मोठं अंतर असतं. खरा गुणांक शून्य असेल तर वितरण सममित असतं आणि निभावून जातं. तो ०.८ असेल तर मात्र वितरण एका बाजूला दाटतं आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपूट सोडतं. अशा वितरणाखालचं क्षेत्रफळ काढायचं तर बिंदूबिंदूवर किंमत काढत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

डेव्हिडबाईंनी ते केलं. नमुन्याचा आकार तीनपासून पंचवीसपर्यंत आणि पुढे ५०, १००, २००, ४००. प्रत्येक आकाराला खऱ्या गुणांकाच्या वेगवेगळ्या किमती आणि प्रत्येक किमतीला नमुन्यातल्या गुणांकाच्या एकामागून एक पायऱ्या. १९३८ साली ही कोष्टकं पुस्तकरूपाने निघाली. या सगळ्यात तो दांडा आपण सुमारे वीस लाख वेळा फिरवला असेल, असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता.

वीस लाख वेळा. हा आकडा मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा त्यांना तो कष्टाचा आकडा वाटतो, बिचारी बाई वगैरे. कष्ट तर होतेच. पण मला त्यात आणखी काही दिसतं. एखादं वितरण बिंदूबिंदूने हाताखालून गेलं की त्याचा आकार ओळखीचा होतो. शेपूट कुठे सुरू होतं, कुठे किमती भराभर बदलतात, कुठे दशांशाच्या चौथ्या घराशी झगडावं लागतं, हे सगळं ठाऊक होतं. संभाव्यता म्हणजे मोजायची गोष्ट, आणि मोजायला वेळ, साधनं आणि चिवटपणा लागतो, ही जाणीव त्यांना पुस्तकातून झालेली नव्हती. त्यांनी पुढे जो इतिहास लिहिला तो हीच जाणीव असलेल्या माणसाने लिहिलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. या लेखात सांगायचंय तेही एवढंच.

पण इतिहासाकडे यायला अजून अवकाश आहे. १९३३ साली पिअर्सन निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले. संख्याशास्त्र त्यांचे चिरंजीव एगॉन पिअर्सन यांच्याकडे आलं आणि युजेनिक्सचा, म्हणजे सुप्रजननशास्त्राचा, विभाग फिशर यांच्याकडे गेला. थोरले पिअर्सन आणि फिशर यांचं हाडवैर होतं, त्याची धग पुढच्या पिढीलाही लागली. एकाच इमारतीत राहून दोन्ही विभागांच्या चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या होत्या. वर १९३४ साली येर्झी नेमन हे संख्याशास्त्रज्ञ पोलंडहून येऊन दाखल झाले. आज आपण गृहीतकांच्या चाचण्या, विश्वास-अंतराल म्हणून जे शिकवतो त्याचा बराचसा भाग याच इमारतीत, याच वर्षांत, याच भांडणांतून आकाराला आला.

आपल्या पांडुरंग सुखात्मे यांनी पीएचडी केली ती याच काळात आणि याच कॉलेजात, १९३६ साली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे गृहस्थ पुढे जगाच्या भुकेचा आणि पोषणाचा हिशेब मांडण्यासाठी प्रसिद्ध झाले. पण लंडनमध्ये असताना त्यांनी सममित फलांच्या, म्हणजे चलांची अदलाबदल केली तरी न बदलणाऱ्या सूत्रांच्या, बीजगणितावर काम केलं होतं. डेव्हिडबाईंचाही तो पुढे आवडीचा प्रांत झाला आणि १९६६ साली मॉरिस केंडॉल आणि डी. ई. बार्टन यांच्याबरोबर त्यांनी त्याची भली मोठी कोष्टकं प्रसिद्ध केली. संख्याशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांना सुखात्मे माहीत असतात आणि डेव्हिड माहीत नसतात, म्हणून हा धागा मुद्दाम नोंदवते.

नेमन यांनी डेव्हिडबाईंवर एक उपकार केला. छापून आलेले शेवटचे चार निबंध एकत्र बांध आणि पीएचडीसाठी सादर कर, असं म्हणून ते त्यांच्या मागे लागले. १९३८ साली पदवी मिळाली. नेमन त्याच वर्षी बर्कलीला निघून गेले, पण ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९६६ साली नेमन यांच्या गौरवार्थ जो लेखसंग्रह निघाला त्याच्या संपादक डेव्हिडबाईच होत्या.

मग युद्ध आलं. गृहसुरक्षा मंत्रालयात त्यांनी जे काम केलं त्याबद्दल वाचताना अंगावर काटा येतो. दाट वस्तीच्या शहरावर बॉम्ब पडले तर काय होईल, हे बॉम्ब पडण्याआधी आकड्यांत मांडायचं. किती माणसं दगावतील, किती वाचतील, कुठे आगी लागतील, पाण्याचे नळ, गॅस, वीज, सांडपाणी, टेलिफोन यांतलं काय आणि किती तुटेल. १९४०-४१मध्ये लंडनवर खरोखर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा शहराच्या अत्यावश्यक सेवा सुरू ठेवायला या अंदाजांचा उपयोग झाला. पुढे सुरुंगांच्या प्रश्नावरही त्यांनी लष्कराचं काम केलं.

बॉम्ब कुठे पडतात या प्रश्नाला एक शुद्ध संख्याशास्त्रीय अंग आहे. पडलेल्या ठिकाणांचे घोळके दिसतात ते नेम धरल्यामुळे की निव्वळ यदृच्छेने? दक्षिण लंडनवर पडलेल्या उडत्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. आर. डी. क्लार्क नावाच्या ॲक्चुअरींनी ते १९४६ साली छापलं. त्यांनी त्या भागाचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. एकूण बॉम्ब ५३७. त्यांतल्या २२९ चौकोनांत एकही नाही, २११ चौकोनांत एक, ९३मध्ये दोन, ३५मध्ये तीन, ७मध्ये चार आणि एका चौकोनात त्याहून जास्त. निव्वळ यदृच्छेने घडणाऱ्या घटनांची संख्या कशी पसरते हे सांगणाऱ्या प्वासाँ वितरणाशी हे आकडे इतके जुळतात की नेम धरल्याची शंका घ्यायला जागाच उरत नाही.

डेव्हिडबाई आणि पी. जी. मूर यांनी १९५४ साली वनस्पतींच्या पसरण्याचा अभ्यास करताना घोळक्यांचा एक साधा निर्देशांक दिला. चौकोनांतल्या संख्यांच्या विचरणाला, म्हणजे त्या सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याच्या मापाला, त्यांच्या सरासरीने भागायचं आणि त्यातून एक वजा करायचा. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर पसरण यदृच्छ, बरंच जास्त आलं तर घोळके आहेत, उणे आलं तर कोणीतरी अंतर राखून मांडल्यासारखी रचना. क्लार्क यांच्या बॉम्बना मी हा निर्देशांक लावला तर ०.०४ येतो. जवळपास शून्य! रोपट्यांसाठी काढलेलं माप बॉम्बनाही तंतोतंत लागू पडतं, आणि विद्यार्थ्याला ते पाच मिनिटांत कागदावर करता येतं. बाईंचं काम मला आवडतं ते अशासाठी.

आता इतिहास.

१९५५ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. विषय होता फाशांचे खेळ आणि संभाव्यतेचा इतिहास. त्या नियतकालिकातली संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांच्या इतिहासावरची जी लेखमाला पुढे नावाजली गेली, तिचा हा पहिला लेख. त्यातून वाढत जाऊन १९६२ साली 'गेम्स, गॉड्स अँड गॅम्बलिंग' हे पुस्तक झालं. बार्टन यांच्याबरोबरचं क्रमपर्यायांवरचं जाडजूड पुस्तकही त्याच वर्षीचं, आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या प्राध्यापक झाल्या तेही त्याच वर्षी. म्हणजे पीएचडीनंतर चोवीस वर्षांनी. कोष्टकं, युद्धकाळातली सेवा, पाठ्यपुस्तक, ढीगभर निबंध, एवढं पदरी असताना चोवीस वर्षं! हे मला आजही पचत नाही.

त्यांच्याआधी या विषयाचा मोठा इतिहास होता तो आयझॅक टॉडहंटर यांचा, १८६५चा. कसून लिहिलेला, पण त्यात माणसाने कागदावर गणित मांडल्यावरच इतिहास सुरू होतो. डेव्हिडबाई सुरुवात करतात हाडापासून.

मेंढीच्या किंवा हरणाच्या मागच्या पायात, घोट्याच्या सांध्यात, एक आटोपशीर हाड असतं. जुन्या काळी तेच फाशासारखं टाकत. मेंढीची अशी चार हाडं मिळवून, उकळून, साफ करून मी ठेवली आहेत. वर्गात ती हातोहात फिरतात. हाताला गुळगुळीत लागतात, मुठीत छान बसतात. दोन टोकं गोलसर, त्यामुळे हाड त्यांच्यावर उभं राहत नाही. उरतात चार बाजू: दोन रुंद आणि दोन अरुंद. रुंद बाजूंपैकी एक किंचित फुगीर आणि एक किंचित खोलगट, अरुंद बाजूंपैकी एक सपाट आणि एकीला खळगा. ग्रीक आणि रोमन माणसं या चार बाजूंना १, ३, ४ आणि ६ अशा किमती देत. अरुंद बाजू १ आणि ६, रुंद बाजू ३ आणि ४. टाकून पाहिलं की रुंद बाजू दहातून साधारण चार-चार वेळा आणि अरुंद बाजू साधारण एक-एक वेळा येते. माझी हाडंही तेच सांगतात. अर्थात प्रत्येक हाडाची खोड थोडी निराळी असते आणि हे निराळेपणच पुढे महत्त्वाचं ठरतं.

रोमन खेळात अशी चार हाडं एकदम टाकत. सर्वांत मोठं दान व्हीनस या रोमन देवीचं, म्हणजे चारही हाडांवर वेगवेगळ्या बाजू. सर्वांत हलकं दान कुत्र्याचं, म्हणजे चारही हाडांवर एक. सम्राट ऑगस्टसचं एक पत्र स्वेटोनियस या रोमन चरित्रकाराने जपून ठेवलं आहे. त्यात खेळाचा नियम आहे: एक किंवा सहा पडला की अशा प्रत्येक हाडामागे एक दिनार मध्ये टाकायचा आणि ज्याला व्हीनस पडेल त्याने सगळा ढीग उचलायचा.

आता मोजू या. चार वेगवेगळ्या बाजू येण्याचे क्रम चोवीस. प्रत्येकाची संभाव्यता ०.४ × ०.४ × ०.१ × ०.१, म्हणजे ०.००१६. गुणाकार केला की ०.०३८४. साधारण सव्वीस वेळा टाकलं की एकदा व्हीनस. प्रत्येक वेळी सरासरी पाऊण दिनार ढिगात पडतो असं धरलं तर व्हीनस टाकणाऱ्याच्या हाती एकोणीस-वीस दिनार लागतात. बरा खेळ आहे. पण आता चारही हाडांवर ३ येण्याची संभाव्यता पाहा: ०.०२५६, एकोणचाळीस वेळांतून एकदा. म्हणजे हे दान व्हीनसपेक्षा दुर्मीळ. आणि चारही हाडांवर १? दहा हजारांतून एकदा! सगळ्यांत दुर्मीळ दानांपैकी एक, आणि मान मात्र सगळ्यांत हलका.

हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडेच पाहत बसले होते. शतकानुशतकं लोक हा खेळ खेळले. सम्राट क्लॉडियसने तर फाशांच्या खेळावर पुस्तकही लिहिलं होतं. तरी दानांची उतरंड ती किती वेळा पडतात यावरून लावलेली नाही. ती लागली आहे देखणेपणावरून, देवाच्या नावावरून, रिवाजावरून. वारंवारता डोळ्यांसमोर होती, पण तिच्याकडे कोणी आकडा म्हणून पाहिलं नाही.

का पाहिलं नाही, याची डेव्हिडबाई एकापेक्षा जास्त कारणं देतात. एक, हाडं आणि जुने फासे सारखे नव्हते. उत्तर इराकमधल्या तेपे गाव्राचा भाजलेल्या मातीचा फासा सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यावर २च्या समोर ३, ४च्या समोर ५ आणि १च्या समोर ६ अशी मांडणी आहे. पण साधनाला साधन जुळत नसेल तर एका फाशावरचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही आणि सामान्य नियम सुचत नाही. दोन, शक्यता ओळीने मोजायचं तंत्र आणि ते लिहायची अंकपद्धती हाताशी नव्हती. तीन, फासे टाकणं हा देवाला कौल लावण्याचा मार्गही होता. जे दान देवाच्या इच्छेने पडतं त्याची वारंवारता मोजायला कोण बसणार?

पुढच्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात अशी कारणं अपुरी ठरवली. पुरावा या कल्पनेचंच रूप बदलल्याशिवाय संभाव्यता जन्माला येऊ शकत नव्हती, अशी त्यांची मांडणी. महाभारतातली नलाची कथाही ते पुढे आणतात. ऋतुपर्ण राजा बिभीतकाच्या, म्हणजे बेहड्याच्या, फांद्यांवरची पानं-फळं धावत्या रथातून अचूक सांगतो आणि नलाला अक्षविद्या देतो. फासे आणि अंदाजाने मोजणं यांची सांगड तिथे घातली गेलीच आहे. हॅकिंग यांचा युक्तिवाद देखणा आहे आणि मी तो शिकवते. तरीही मला डेव्हिडबाईंच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. कल्पना बदलण्यासाठी आधी कोणीतरी मोजत बसावं लागतं, आणि मोजण्यातल्या अडचणी या इतिहासातल्या खऱ्या अडचणी आहेत.

याचं त्यांच्या पुस्तकातलं सर्वांत चांगलं उदाहरण गॅलिलिओचं. तीन फासे टाकले तर बेरीज ९ होण्याचे गट सहा आणि १० होण्याचेही सहाच. मग अनुभवी खेळाडू १०ला जास्त भाव का देतात? गॅलिलिओ उत्तर देतो: गट मोजू नका, क्रम मोजा. तीन वेगवेगळे आकडे सहा क्रमांनी पडतात, दोन सारखे असतील तर तीन, तिन्ही सारखे असतील तर एकच. एकूण २१६ शक्यतांपैकी ९च्या वाट्याला २५ येतात आणि १०च्या वाट्याला २७. खरं तर २१६ची ही मोजणी 'दे वेतुला' या तेराव्या शतकातल्या लॅटिन काव्यातही आहे. त्याच्या तीनशे वर्षं आधी कॅम्ब्रेच्या बिशप विबोल्डने तीन फाशांच्या छप्पन्न गटांना छप्पन्न सद्गुण वाटून दिले होते. म्हणजे गट आधी, क्रम नंतर. या दोन पायऱ्या चढायला युरोपला काही शतकं लागली, हे त्या पुस्तकात लख्ख दिसतं.

पण फरक आहे फक्त २१६मध्ये दोनचा. नुसतं खेळून हा फरक ओळखू यायला किती वेळा फासे टाकावे लागतील? फरक निव्वळ योगायोगाचा नाही हे ठरवणारी नेहमीची दोन प्रमाण-विचलनांची कसोटी लावली तर मला उत्तर येतं अकरा हजारांच्या वर. एकाने टाकत बसायचं, सगळी दानं लिहून ठेवायची आणि शेवटी बेरजा करायच्या. गॅलिलिओ मात्र सांगतो की खेळाडूंना हे दीर्घ अनुभवाने ठाऊक होतं. हा प्रश्न किती अवघड आहे हे नुसतं वाचून उमगत नाही. वीस लाख फेरे ज्या हातांनी फिरवले त्यांना तो आपसूक उमगतो.

पुस्तकाच्या शेवटी जोडलेली परिशिष्टं चुकवू नका. गॅलिलिओचं ते टिपण तिथे इंग्रजीत आहे आणि पास्कल-फर्मा यांची पत्रं मॅक्सीन मेरिंग्टन यांनी भाषांतरित केली आहेत. २९ जुलै १६५४च्या पत्रातला डाव मला विशेष आवडतो. दोन खेळाडू, प्रत्येकाचे ३२ पिस्तोल (ही त्या काळची सोन्याची नाणी) लावलेले, आधी तीन डाव जिंकेल त्याचे सगळे ६४. एकाचे दोन झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. पास्कल म्हणतो, पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर ६४ त्याचेच, हरला तर बरोबरी आणि ३२ त्याचे. म्हणजे ३२ तर त्याचे कसेही आहेतच. उरलेल्या ३२चे अर्धे करा. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. दहावीतल्या मुलालाही हे समजतं, आणि पुढचा अपेक्षित मूल्याचा सगळा डोलारा यावर उभा आहे.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिडबाई इंग्लंड सोडून कॅलिफोर्नियाला गेल्या. रिव्हरसाइडच्या विद्यापीठात त्यांनी संख्याशास्त्राचा विभाग उभा केला आणि १९७७ साली निवृत्त होईपर्यंत सांभाळला. साठी जवळ आली असताना परदेशात नव्याने घडी बसवायची, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. निवृत्तीनंतर त्या बर्कलीला राहिल्या आणि वनखात्यासाठी जंगलांच्या आकडेवारीवर काम करत राहिल्या. १९९३ साली त्या गेल्या.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांना एलिझाबेथ स्कॉट यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी. विद्यापीठांत बायकांना पुरुषांपेक्षा पगार कमी मिळतो हे आकड्यांनी दाखवून देणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ म्हणजे या स्कॉट. २००१ साली खुद्द डेव्हिडबाईंच्या नावाने पुरस्कार सुरू झाला आणि तो पहिल्यांदा गेला नॅन लेअर्ड यांच्याकडे. १९८९ साली छापून आलेली डेव्हिडबाईंची ती दीर्घ मुलाखत घेतली होती याच लेअर्ड यांनी. युनिव्हर्सिटी कॉलेजात घुसण्याचा प्रसंग, विणकामाच्या सुया, वीस लाख फेरे, हे आपल्याला माहीत आहे ते त्या मुलाखतीमुळे. संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकीने ती आधी वाचावी, पुस्तक नंतर.